चोवीस तासांचा पट्टा : सुट्टी घेऊ नका, रोजचेच काम करा

दवाखान्यात प्रेशर तपासले, आकडा जास्त आला, आणि डॉक्टर म्हणाले, "एकदा चोवीस तासांचा पट्टा लावून बघू या." एवढे ऐकले की घरात काळजी सुरू होते. आजार फार मोठा आहे काय? दवाखान्यात झोपावे लागेल काय? त्या यंत्रातून करंट तर लागणार नाही ना? आणि रोजंदारीवर जगणाऱ्या घरात शेवटी हा प्रश्न येतोच की, मजुरी किती दिवसांची बुडणार?

वाचक बंधू-भगिनींनो, या प्रश्नांची उत्तरे आधी थोडक्यात देतो. हा पट्टा लावायला सांगितला म्हणजे आजार वाढला असे मुळीच नाही. दवाखान्यात झोपावे लागत नाही. टोचणे नाही, रक्त काढणे नाही, अंगाला वीज लागत नाही. आणि मजुरीचे म्हणाल, तर यंत्र लावून घेणे आणि दुसऱ्या दिवशी परत देणे यासाठी जो वेळ जाईल तेवढाच. बाकी वेळ तुम्ही आपल्या कामावर असावे, हीच या तपासणीची अट आहे. सुट्टी घेऊन घरी पडून राहिलात तर तपासणी निम्मी वाया जाते. असे का, ते या लेखात समजावून घेऊ.

एक आकडा म्हणजे पूर्ण दिवस नव्हे

हृदय आकुंचन पावून रक्त पुढे ढकलते तेव्हा धमन्यांच्या भिंतीवर जो दाब पडतो तो वरचा आकडा. दोन ठोक्यांच्या मध्ये हृदय सैल पडते तेव्हाचा दाब म्हणजे खालचा आकडा. दवाखान्यात १४० बाय ९० किंवा त्याहून जास्त आकडा पुन्हा पुन्हा आला तर रक्तदाब वाढला आहे असे धरतात.

पण रक्तदाब हा काही उंचीसारखा एकदा मोजून लिहून ठेवायचा आकडा नाही. तो दिवसभर वरखाली होत असतो. आंबोलीच्या चढावर वाढतो, जेवून बसले की उतरतो, मालकाशी वाद झाला की वाढतो, गाढ झोपेत खाली येतो. चोवीस तासांत हृदय सुमारे एक लाख वेळा ठोके देते. त्यातल्या दोन-चार ठोक्यांच्या वेळी घेतलेल्या एका मापावरून जन्मभराची गोळी सुरू करायची की नाही हे ठरवणे कधी कधी चुकू शकते.

ही अडचण डॉक्टरांना जुनीच माहीत आहे. दंडाला पट्टा बांधून दाब मोजण्याचे साधन इटलीतील डॉ. रिव्हा-रोची यांनी १८९६ साली तयार केले. पट्ट्याखाली नळी लावून आवाज ऐकण्याची रीत रशियातील डॉ. कोरोटकोव्ह यांनी १९०५ साली सांगितली. आजही डॉक्टर त्याच रीतीने मोजतात. पुढे १९६२ साली अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्को येथे डॉ. हिनमन आणि डॉ. सोकोलोव्ह यांनी रुग्णाने अंगावर घेऊन फिरायचे यंत्र वापरून पाहिले. त्या यंत्राचा पट्टा रुग्णाला स्वतःच फुगवावा लागे, म्हणून झोपेतले माप मिळत नसे. आजचे यंत्र आपोआप फुगते, आपोआप मोजते आणि आकडे साठवून ठेवते. इंग्लंडमध्ये २०११ सालापासून, दवाखान्यात आकडा जास्त आला तर निदान पक्के करण्यासाठी हीच तपासणी करावी अशी सरकारी मार्गदर्शक सूचना आहे.

डॉक्टरांसमोर वाढणारे आणि डॉक्टरांपासून लपणारे

काही माणसांचे प्रेशर दवाखान्यात पाऊल टाकताच वाढते. घाईघाईने एस.टी. पकडून आलेले असतात, रांगेत दोन तास उभे असतात, वर डॉक्टर काय सांगतील याची धाकधूक. घरी मोजले तर आकडा व्यवस्थित. याला पांढऱ्या कोटाचे प्रेशर म्हणतात. न्यूयॉर्कचे डॉ. पिकरिंग यांनी १९८८ साली या गोष्टीचा नीट अभ्यास मांडला, तेव्हापासून हे नाव सगळीकडे रुळले.

याच्या उलटही असते. दवाखान्यात आकडा चांगला येतो, डॉक्टर "ठीक आहे" म्हणतात, माणूस निर्धास्त होतो. पण कामावर असताना किंवा रात्री झोपेत प्रेशर चढलेलेच असते. हे लपलेले प्रेशर. धोका इथेच जास्त आहे. पांढऱ्या कोटाच्या प्रेशरमुळे एखाद्याला नको असलेली गोळी खावी लागेल, फार तर चक्कर येईल. लपलेल्या प्रेशरमुळे मात्र, काही त्रास नाही असे समजून चालणाऱ्या माणसाला एके दिवशी पक्षाघाताचा झटका येतो, आणि ज्या हातावर घर चालते तोच हात लुळा पडतो.

हे क्वचित घडते असेही समजू नका. आपल्या देशात १५ राज्यांतील १८,९१८ माणसांचे प्रेशर दवाखान्यात आणि घरी असे दोन्हीकडे मोजून एक अभ्यास झाला. त्याचे निष्कर्ष २०१९ साली जाहीर झाले. शंभरातील सुमारे चोवीस जणांचे प्रेशर पांढऱ्या कोटाचे निघाले आणि सुमारे अठरा जणांचे लपलेले. म्हणजे केवळ दवाखान्यातील मापावर विसंबले असते तर शंभरातील चाळिसाहून अधिक जणांबाबत अंदाज चुकला असता.

आपल्या जिल्ह्यातील काम

सिंधुदुर्गाच्या वाचकांना एक गोष्ट अभिमानाने सांगावीशी वाटते. केंद्र सरकार, राज्य सरकारे, भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि जागतिक आरोग्य संघटना यांनी मिळून २०१७ च्या अखेरीस उच्च रक्तदाब नियंत्रणाचा मोठा उपक्रम हाती घेतला. सुरुवातीला देशातील पाच राज्यांचे २५ जिल्हे निवडले गेले. महाराष्ट्रातून चार जिल्हे होते : सातारा, वर्धा, भंडारा आणि आपला सिंधुदुर्ग.

या उपक्रमाची रीत साधी आहे. प्राथमिक आरोग्य केंद्रात येणाऱ्या मोठ्या माणसाचे प्रेशर तपासायचे, वाढलेले आढळले तर त्याची नोंद ठेवायची, ठरलेल्या क्रमाने गोळ्या द्यायच्या, निदान महिन्याभराच्या गोळ्या एकदम द्यायच्या, आणि माणूस पुढच्या महिन्यात आला नाही तर त्याची चौकशी करायची. अ‍ॅम्लोडिपिन, टेल्मिसार्टन, क्लोरथॅलिडोन ही गोळ्यांची नावे त्यामुळे खेड्यापाड्यांतल्या घरांतही पोहोचली. या कामाला २०२२ साली संयुक्त राष्ट्रांचा पुरस्कारही मिळाला.

तेव्हा चोवीस तासांचा पट्टा हा या कामाच्या जागी येणारा नाही. तो त्याला मदत करणारा आहे. बहुतेक माणसांचे निदान आणि उपचार आरोग्य केंद्रातील साध्या मापावर होऊ शकतात, आणि तसेच व्हावेत. पट्ट्याची गरज काही जणांनाच असते :

– दवाखान्यात आकडा जास्त आणि घरी कमी, किंवा याच्या उलट.
– तीन-तीन गोळ्या नियमित घेऊनही प्रेशर उतरत नाही.
– गोळी सुरू केल्यापासून उठताना चक्कर येते, डोळ्यांपुढे अंधारी येते.
– मधुमेह किंवा मूत्रपिंडाचा आजार आहे.
– रात्री मोठ्याने घोरणे, झोपेत श्वास अडकून दचकून जागे होणे.
– गरोदर बाई, जिचे प्रेशर दवाखान्यात वाढलेले दिसते.

तपासणी कोठे करावी? डॉक्टर ओरोस, कोल्हापूर, बेळगाव किंवा गोव्यात बांबोळीला जायला सांगतात. निघण्यापूर्वी फोन करून यंत्र उपलब्ध आहे काय, कोणत्या वारी लावतात आणि खर्च किती, हे विचारून घ्यावे. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासण्या आणि उपचार मोफत करण्यात आले. म्हणून आधी आपल्या आरोग्य केंद्रात किंवा सावंतवाडीच्या उपजिल्हा रुग्णालयात विचारावे. शेजारच्या राज्यात बाहेरच्या रुग्णांना पैसे भरावे लागू शकतात, तेही आधी समजून घ्यावे. आणखी एक. याच तपासणीला काही ठिकाणी "बी.पी.चा होल्टर" म्हणतात. पण नुसते "होल्टर" म्हटले तर हृदयाच्या ठोक्यांचा आलेख काढणारे वेगळे यंत्र समजले जाते. म्हणून डॉक्टरांची चिठ्ठी जवळ ठेवा आणि तीच दाखवा.

यंत्र लावताना

यंत्र मूठभर आकाराचे असते. ते कमरेच्या पट्ट्याला किंवा खांद्यावरून पिशवीत अडकवतात. त्यातून एक रबरी नळी दंडावरच्या पट्ट्यापर्यंत जाते. उजव्या हाताने काम करणाऱ्याला पट्टा डाव्या दंडावर, डावखुऱ्याला उजव्या दंडावर बांधतात. आधी दोन्ही हातांचे प्रेशर मोजतात. दोहोंत बराच फरक असेल तर जिथे जास्त तो हात निवडतात.

काही गोष्टी तुम्ही होऊन सांगायच्या. डायलिसिससाठी ज्या हातावर शस्त्रक्रिया झाली आहे त्या हाताला पट्टा चालत नाही. स्तनाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया झाली असेल तर ती बाजू सांगावी. हृदयाचे ठोके अनियमित असतील तर तेही सांगावे, कारण मग मापे चुकण्याची शक्यता असते. दंड जाड असेल तर मोठा पट्टा मागावा, फार बारीक असेल तर लहान. लहान पट्टा जाड दंडाला ओढून बांधला तर आकडा खोटाच जास्त येतो.

त्या दिवशी सैल बाह्यांचा सदरा किंवा सैल बाहीचा ब्लाऊज घाला. आंघोळ घरूनच करून जा, कारण यंत्र लावल्यावर ते काढेपर्यंत आंघोळ नाही. आपल्याकडच्या घामाच्या दिवसांत हे जिवावर येते, पण प्रश्न एका दिवसाचा आहे. ओल्या फडक्याने अंग पुसायला हरकत नाही, यंत्राला पाणी लागता कामा नये.

गोळी घ्यावी की नाही? डॉक्टरांनी वेगळे सांगितले नसेल तर रोजच्या वेळी रोजची गोळी घ्यावीच. "आकडा खरा कळावा म्हणून मी गोळी बंद केली," असे काही जण सांगतात. तसे करू नका. गोळी खाऊन तुमचे प्रेशर कसे राहते, हेच डॉक्टरांना पाहायचे असते.

सुट्टी का घेऊ नये

आता मुख्य मुद्दा. समजा, काजूच्या कारखान्यात काम करणारी एक ताई आहे. सकाळी पाचला उठते, पाणी भरते, डबे करते, दिवसभर बसून काजू सोलते, संध्याकाळी पुन्हा चूल. तिला पट्टा लावला आणि घरच्यांनी मायेने म्हटले, "आज तू काही करू नकोस, पडून राहा." त्या दिवशीचे आकडे छान येतील. पण ते तिच्या आयुष्याचे आकडे नव्हेत. डॉक्टर सुट्टीच्या दिवसाचा अहवाल वाचून तिच्या कामाच्या दिवसाचा उपचार ठरवतील. म्हणजे फसगत कोणाची? तिचीच.

म्हणून नेहमी असते ते काम करावे, नेहमी खातो तेच खावे. पेजेबरोबर लोणचे किंवा सुका बांगडा रोज खात असाल तर त्या दिवशी चांगले दिसावे म्हणून सोडू नका. मीठ कमी करायचे आहेच, दिवसाला पाच ग्रॅमच्या आत, म्हणजे साधारण एक चमचा, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. पण ते कायमचे करायचे. एका दिवसाच्या मिठाने कोणाला फसवायचे नसते.

मात्र काही कामे त्या दिवशी खरोखरच जमणार नाहीत. पावसात लावणी, नदीवर किंवा विहिरीवर कपडे धुणे, होडीवर जाणे, यात यंत्र भिजते. अंगमेहनतीच्या ज्या कामात हात सतत हलतो, उदाहरणार्थ लाकूड फोडणे, त्यात माप येत नाही. अशी कामे रोजची असतील तर दिवस निवडतानाच डॉक्टरांशी बोला. पावसाळा संपल्यावरचा एखादा दिवस घेता येतो. जड वाहन चालवणाऱ्यांनी आणि रिक्षावाल्यांनी आपला धंदा आधीच सांगावा. पट्टा फुगताना शक्य असेल तर गाडी बाजूला घेऊन थांबावे. थांबणे शक्य नसेल तर ते माप जाऊ द्यावे, रस्त्यावरचे लक्ष काढू नये.

कामावर यंत्र दिसले तर लोक विचारतील. लाजण्यासारखे यात काही नाही. मुकादमाला किंवा मालकाला डॉक्टरांची चिठ्ठी दाखवावी आणि सांगावे की काम चालू राहील, मधून मधून अर्धा मिनिट हात स्थिर ठेवावा लागेल, एवढेच.

दिवसभरात काय होते

जागेपणी साधारण दर वीस ते तीस मिनिटांनी आणि झोपेत दर अर्ध्या तासाने पट्टा फुगतो. सोळा तास जागे आणि आठ तास झोप धरली, जागेपणी वीस मिनिटांचे अंतर धरले, तर अठ्ठेचाळीस आणि सोळा मिळून चौसष्ट मापे होतात. त्यातली शंभरात सत्तर तरी नीट यावी लागतात, म्हणजे पंचेचाळीसच्या आसपास. त्याहून कमी आली तर तपासणी पुन्हा करायची वेळ येऊ शकते.

मापे नीट यावीत यासाठी एकच नियम पाळायचा. पट्टा फुगू लागला की हात सैल सोडून स्थिर ठेवा आणि तो पूर्ण उतरेपर्यंत बोलू नका. डोक्यावर घागर असेल तर खाली ठेवा. कडेवर मूल असेल तर उतरवा. चालत असाल तर थांबा. माप फसले तर यंत्र थोड्या वेळाने आपणहून पुन्हा फुगते. एकामागून एक फुगू लागले तर समजावे की हात हलतो आहे, किंवा पट्टा सरकला आहे, किंवा नळी कुठे दुमडली आहे. पट्टा कोपराच्या दोन बोटे वर असावा.

पट्टा फुगताना दंड आवळला जातो, थोडे दुखते. पहिल्या तासात फार जाणवते, मग सवय होते. काहींच्या दंडावर लाल ठिपके किंवा काळानिळा डाग उठतो, तो काही दिवसांत जातो. पण हात सुन्न पडला, बोटे निळी दिसू लागली, किंवा पट्टा फुगून उतरतच नाही असे झाले तर यंत्र बंद करून पट्टा सरळ काढून टाका आणि दवाखान्याला कळवा. हातापेक्षा तपासणी मोठी नाही.

यंत्रावर आकडे दिसत असतील तर ते सारखे बघू नका, शेजाऱ्यांना दाखवू नका. एखादे माप १७० आले म्हणून घाबरायचे कारण नाही. त्यावेळी तुम्ही चढ चढत असाल, मुलावर ओरडला असाल. पुष्कळ ठिकाणी आकडे मुद्दामच झाकलेले असतात. इथे एका मापाला किंमत नाही, सरासरीला आहे. घरातल्या मुलांनाही आधीच सांगून ठेवा की हे खेळणे नाही.

एक कागद जवळ ठेवा. त्यावर वेळ घालून लिहा : कधी उठलो, गोळी कधी घेतली, जेवण, कामावरची दगदग, भांडण, चक्कर किंवा डोके दुखणे, दुपारी डोळा लागला असेल तर ती वेळ, आणि रात्री झोपायला कधी गेलो. लिहिता येत नसेल तर शाळेत जाणाऱ्या मुलाकडून लिहून घ्या. हा कागद नसेल तर सकाळी अकराला आकडा का चढला, हे डॉक्टरांना कळणार कसे?

रात्रीची गोष्ट

रात्रीही पट्टा काढायचा नाही. यंत्र उशीजवळ ठेवायचे, नळी अंगाखाली येऊ द्यायची नाही. झोप थोडी मोडते हे खरे. तरी या तपासणीतला सर्वांत मोलाचा भाग रात्रीचाच आहे, कारण झोपेतले प्रेशर दुसऱ्या कोणत्याही साध्या मार्गाने कळत नाही.

निरोगी माणसाचे प्रेशर झोपेत दिवसापेक्षा शंभरात दहा ते वीस इतके उतरते. दिवसा १३० असेल तर रात्री ११७ च्या खाली यायला हवे. ज्यांचे उतरत नाही त्यांच्या हृदयाला, मेंदूला आणि मूत्रपिंडांना रात्रीचीही विश्रांती मिळत नाही. मधुमेह, मूत्रपिंडाचा आजार, झोपेत श्वास अडकणे, खाण्यात फार मीठ, ही त्याची नेहमीची कारणे.

रात्रपाळी करणाऱ्यांनी, म्हणजे पहारेकरी, हॉटेलातील कामगार, रुग्णालयातील आया-मावश्या यांनी, यंत्र लावतानाच सांगावे : "मी रात्री जागतो, दिवसा झोपतो." यंत्रातल्या दिवस-रात्रीच्या वेळा त्याप्रमाणे बदलता येतात. ते केले नाही तर तुमच्या कामाचे आकडे झोपेचे म्हणून वाचले जातील आणि नको तो निष्कर्ष निघेल.

अहवालातले आकडे

अहवालाला आलेख असतो, खाली सरासऱ्या असतात. त्यांच्या मर्यादा दवाखान्यातील मर्यादेपेक्षा कमी आहेत, हे लक्षात ठेवा. दिवसाची सरासरी १३५ बाय ८५ किंवा त्याहून जास्त, रात्रीची १२० बाय ७० किंवा त्याहून जास्त, किंवा पूर्ण चोवीस तासांची १३० बाय ८० किंवा त्याहून जास्त असेल, तर प्रेशर वाढलेले समजतात.

तीन उदाहरणे घेऊ. एकाचे दवाखान्यात १५८ बाय ९६, पण दिवसाची सरासरी १२८ बाय ८० आणि रात्रीची ११२ बाय ६८. हे पांढऱ्या कोटाचे प्रेशर. बहुधा गोळी लागणार नाही, पण मीठ, वजन, तंबाखू सांभाळून दर वर्षी तपासत राहावे लागेल, कारण यातील काहींचे प्रेशर पुढे खरेच वाढते. दुसऱ्याचे दवाखान्यात १३२ बाय ८४, पण दिवसाची सरासरी १४६ बाय ९२, रात्रीची १३४ बाय ८२. हे लपलेले प्रेशर, याला उपचार हवा. तिसऱ्याचे गोळी घेऊन दवाखान्यात १३४ बाय ८४, दिवसाची सरासरी १३० बाय ८०, पण रात्रीचीही १३१ बाय ७९. दिवस ठीक, रात्र बिघडलेली. त्याची झोप, घोरणे, साखर आणि मूत्रपिंडे तपासायला हवीत.

अहवाल घेऊन डॉक्टरांकडेच जा. आकडे चांगले आले म्हणून गोळी आपल्या मनाने सोडू नका. ते आकडे गोळीमुळेच चांगले आले असतील. "माका काय होणा नाय, मग गोळी कशाक खावची?" हा प्रश्न आपल्या भागात घराघरांत ऐकू येतो. प्रेशर बहुधा दुखत नाही, खुपत नाही, म्हणूनच तर ते मोजावे लागते.

यंत्राची सोय नसेल तर

निराश होऊ नका. दंडावर बांधायचे चांगले डिजिटल यंत्र घरी वापरून बरेचसे काम होते. सात दिवस, सकाळी गोळीपूर्वी आणि रात्री झोपण्यापूर्वी, पाठ टेकून पाच मिनिटे शांत बसावे, हात हृदयाच्या उंचीवर टेकवावा, आणि एक मिनिटाच्या अंतराने दोन मापे घ्यावीत. त्याआधी अर्धा तास चहा, विडी, तंबाखू, मिशरी नको. सर्व आकडे लिहावेत. पहिल्या दिवसाचे सोडून बाकीच्यांची सरासरी १३५ बाय ८५ किंवा जास्त आली तर डॉक्टरांना दाखवावे. झोपेतले माप यात मिळत नाही, एवढीच उणीव.

यंत्र एका घराला परवडत नसेल तर वस्तीच्या महिला मंडळाने वर्गणी काढून एक घ्यावे, आशाताईंकडून वापर शिकून घ्यावा आणि एकेका घराला आठवडाभर द्यावे. मनगटी घड्याळावर प्रेशर दाखवणाऱ्या वस्तू बाजारात मिळतात. निदानासाठी त्यांवर विसंबू नये.

आणि जेथे पट्ट्याची किंवा सात दिवसांची वाट बघायचीच नाही, तेही सांगून ठेवतो. तोंड वाकडे होणे, एक हात किंवा पाय लुळा पडणे, बोलणे अडखळणे, छातीत दुखणे, धाप लागणे, गरोदर बाईचे डोके फार दुखून डोळ्यांपुढे अंधारी येणे. अशा वेळी १०८ क्रमांकाला फोन करून रुग्णवाहिका बोलवा. प्रेशर १८० बाय १२० किंवा त्याहून वर दिसले तर त्रास नसला तरी त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

२०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, पंधरा वर्षांवरील शंभर पुरुषांत चोवीस आणि शंभर स्त्रियांत एकवीस जणांचे प्रेशर वाढलेले किंवा त्यासाठी गोळी चालू असलेले आढळले. म्हणजे पाच-सहा मोठ्या माणसांच्या घरात सरासरी एकजण तरी असणार. तो कोण, हे घरात ठाऊक आहे काय? या आठवड्यात तीस वर्षांवरील प्रत्येकाने आपल्या उपकेंद्रात जाऊन प्रेशर मोजून घ्यावे आणि आकडा तारखेसह कॅलेंडरवर लिहावा. डॉक्टरांनी पुढे पट्टा लावायला सांगितला, तर तो दंडावर बांधून सरळ आपल्या कामाला जावे.